समीकरण खरं, पण चित्र? गणिती पृष्ठभागांच्या सोळा चटकदार गोष्टी

तीन दिशांना क्ष, य आणि झ अशी नावं देऊ. आता लिहा: क्ष वर्ग + य वर्ग + झ वर्ग = १. झाला गोल तयार! या ओळीत कोणताही बिंदू शोधून काढायची कृती नाही, फक्त एक अट आहे. जे बिंदू अट पाळतात ते गोलावर, बाकीचे आत किंवा बाहेर. अशा अटीतून तयार होणाऱ्या पृष्ठभागांना अव्यक्त किंवा इम्प्लिसिट पृष्ठभाग म्हणतात.

अट पाळणारे बिंदू कॉम्प्युटरला सापडतात कसे? तो अवकाशातले मोजके बिंदू घेतो आणि उजवीकडचा १ डावीकडे आणून सूत्राची किंमत काढतो. किंमत उणे आली तर बिंदू एका बाजूला, अधिक आली तर दुसऱ्या. शेजारच्या दोन बिंदूंपैकी एक उणे आणि एक अधिक असेल, तर पृष्ठभाग त्यांच्या मधून गेला असणार. स्क्रीनवरची बहुतेक रंगीत, गुळगुळीत चित्रं या एका तर्कावर उभी असतात. तो तर्क कुठे कमाल करतो आणि कुठे फसतो, याच्या या सोळा गोष्टी.

१. शक्यता २५६, लक्षात ठेवायच्या १५

जागेचे छोटे छोटे घन पाडा. प्रत्येक घनाला आठ कोपरे, प्रत्येक कोपरा उणे किंवा अधिक. म्हणजे एकूण शक्यता २५६. पण घन फिरवला किंवा सगळी चिन्हं उलटी केली तरी गोष्ट तीच राहते. असं बघितलं, की वेगळे प्रकार उरतात फक्त १५. प्रत्येक प्रकारात त्रिकोण कसे बसवायचे याचा तक्ता एकदा करून ठेवायचा आणि एकेक घन घेत पुढे जायचं. या पद्धतीचं नाव ‘मार्चिंग क्यूब्स’. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या विल्यम लोरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी ती १९८७ मध्ये सिग्राफ परिषदेत मांडली.

२. हेतू होता हाडं बघण्याचा

लोरेन्सन आणि क्लाइन यांच्यासमोर गणितातली समीकरणं नव्हती, सीटी आणि एमआरआय स्कॅन होते. स्कॅनमध्ये शरीराच्या प्रत्येक बिंदूपाशी एक आकडा मिळतो. ठरावीक आकडा धरला की हाडाचा पृष्ठभाग मिळतो, दुसरा धरला की त्वचेचा. ‘आकडा अमुक इतका’ ही अटच झाली! रुग्णाच्या कवटीचं त्रिमितीय चित्र आणि गणिताच्या तासाला काढलेला गोल, दोन्ही एकाच रीतीने तयार होतात.

३. रीतीचंही पेटंट

मार्चिंग क्यूब्सचं अमेरिकेत पेटंट होतं. ते २००५ मध्ये संपलं. तोवर अनेकांनी पेटंट टाळण्यासाठी प्रत्येक घनाचे चतुष्फलक पाडले. चतुष्फलकाला कोपरे चारच, त्यामुळे शक्यता १६ आणि संदिग्धता शून्य (ही संदिग्धता काय, ते पुढच्याच गोष्टीत). ही वाट गणिताच्या दृष्टीनेही भक्कम निघाली. खर्च मात्र वाढतो, कारण त्याच पृष्ठभागाला बरेच जास्त त्रिकोण लागतात.

४. पृष्ठभागाला पडली भोकं

घनाची एक बाजू घ्या. समोरासमोरचे दोन कोपरे उणे, उरलेले दोन अधिक. आता रेषा जोडायच्या कशा? दोन रीती आहेत आणि दोन्ही पटण्याजोग्या. एका घनाने एक रीत निवडली आणि शेजारच्याने दुसरी, तर मध्ये चक्क भोक पडतं. मूळ तक्त्यातली ही फट मार्टिन ड्युर्स्ट यांनी १९८८ मध्ये दाखवून दिली. नीलसन आणि हामन यांनी १९९१ मध्ये अशा बाजूवर योग्य जोडणी ठरवण्याची कसोटी दिली. पुढे १९९५ मध्ये सर्न प्रयोगशाळेतल्या चेर्न्याएव्ह यांनी घनाच्या आतली संदिग्धताही धरली. १५ प्रकारांचे झाले ३३! पायथनच्या सायकिट-इमेज या संचात आज मार्चिंग क्यूब्स वापरलं, की डिफॉल्टने याच सुधारित घराण्यातली पद्धत चालते.

५. वर्ग केला आणि गोल गायब

गोलाच्या समीकरणात सगळं डावीकडे आणा आणि त्या संपूर्ण राशीचा वर्ग करून शून्याशी जुळवा. गणिताच्या दृष्टीने काहीच बदललं नाही. राशी शून्य असेल तिथेच तिचा वर्ग शून्य. पण वर्ग कधी उणे होत नाही! आत अधिक, बाहेरही अधिक. चिन्ह बदलत नाही म्हणून चिन्हावर चालणारं सॉफ्टवेअर रिकामी चौकट दाखवतं. समीकरण बरोबर असूनही चित्र कोरं दिसलं, तर सर्वांत आधी हाच संशय घ्या.

६. आणि नसलेली भिंत उभी राहिली

आता याच्या उलट गंमत. ‘१ भागिले क्ष = ०’ या समीकरणाला एकही उत्तर नाही. पण क्ष शून्याच्या डावीकडे असताना किंमत उणे, उजवीकडे असताना अधिक. एखादा बिंदू नेमका शून्यावर पडला नाही, तर साधी पद्धत म्हणते, “चिन्ह बदललं, म्हणजे मध्ये पृष्ठभाग आहे!” आणि क्ष = ० वर भलीमोठी सपाट भिंत उभी राहते. टॅन्जंट असलेल्या सूत्रांत अशा भिंतींची रांगच लागते. उपाय सोपा आहे. भिंतीजवळच्या किमती तपासा. खऱ्या पृष्ठभागाजवळ त्या शून्याकडे झुकतात, खोट्या भिंतीजवळ प्रचंड वाढतात.

७. जरासा सरकला आणि हरवला

मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमधली एफइम्प्लिसिट३ ही आज्ञा काही न सांगता वापरली, तर ती −५ ते ५ या पट्ट्यात दर दिशेला ३५ बिंदू घेते. असे एकूण बिंदू झाले ४२,८७५. आकडा मोठा वाटतो, पण दोन बिंदूंमधलं अंतर सुमारे ०.२९ असतं. अशा जाळीत ०.१ त्रिज्येचा गोल मध्यभागी ठेवा. आत सापडतो एकच बिंदू, म्हणून आठ त्रिकोणांचा अष्टफलक मिळतो. सरळ रेषेच्या हिशेबाने त्याची टोकं केंद्रापासून जेमतेम ०.०३४ वर येतात, खऱ्या त्रिज्येच्या एक तृतीयांशावर! आता तोच गोल तिन्ही दिशांना ०.१५ ने सरकवा. एकही बिंदू आत येत नाही आणि गोल नाहीसा होतो. छोटे भाग असलेल्या पृष्ठभागासाठी पट्टा आवळणं किंवा बिंदू वाढवणं म्हणूनच गरजेचं असतं.

८. बारकावा दुप्पट, चूक पाव, काम आठपट

जाळी दुप्पट बारीक केली, की गुळगुळीत पृष्ठभागावरची चूक साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. किंमत मोजायचे बिंदू मात्र आठपट होतात. दर दिशेला १,००० बिंदू घेतले तर एकूण १०० कोटी. प्रत्येक किमतीला आठ बाइट धरले, तर नुसत्या किमती साठवायला ८ जीबी हवेत. यातली खरी उधळपट्टी पुढेच आहे. पृष्ठभाग त्यातल्या लाखांच्या घरातल्या घनांनाच शिवतो, बाकीचे सगळे रिकामे! म्हणून हुशार पद्धती पृष्ठभागाचा एक तुकडा शोधून त्याच्या कडेकडेने पुढे सरकतात, किंवा जिथे पृष्ठभाग असण्याची शक्यता आहे तेवढेच घन पुन्हा पुन्हा पाडतात. ज्यूल्स ब्लूमेन्थाल यांचं १९८८ चं काम या दिशेचं महत्त्वाचं पाऊल मानलं जातं.

९. गोल एक, सूत्रं तीन, उत्तरं तीन

एका अक्षावर ०.५ आणि १.५ असे दोन शेजारी बिंदू घ्या. गोल १ वर आहे. सॉफ्टवेअर दोन किमतींमध्ये सरळ रेषा ओढून शून्य कुठे येतं ते शोधतं. ‘अंतराचा वर्ग वजा १’ हे सूत्र दिलं तर उत्तर येतं ०.८७५. ‘अंतर वजा १’ दिलं तर नेमकं १. आणि पहिल्या सूत्राचा घन करून दिला तर ०.६८! तिन्ही सूत्रांचा पृष्ठभाग एकच, जाळी एकच, चित्रं मात्र वेगवेगळी.

यातून कामाचा धडा मिळतो. सूत्र शक्य तितकं अंतरासारखं वागेल असं लिहा. ते जमत नसेल तर मिळालेला बिंदू न्यूटनच्या रीतीने एकदा सुधारून घ्या. वरचा ०.८७५ एका पायरीत १.००९ वर येतो. एवढ्याशा खर्चात एवढी अचूकता दुसरीकडे क्वचितच मिळते.

१०. दांडा नसलेली छत्री

क्ष वर्ग = य वर्ग गुणिले झ. हॅस्लर व्हिटनी या अमेरिकी गणितज्ञाच्या नावाने ही ‘व्हिटनीची छत्री’ प्रसिद्ध आहे. झ अधिक असताना स्वतःलाच छेदणारा सुंदर वक्र पडदा दिसतो. झ उणे झाला, की अट पाळणारी उरते फक्त उभी सरळ रेषा. तोच छत्रीचा दांडा. पण रेषेच्या चारही बाजूंना चिन्ह एकच, म्हणून चित्रात छत्री दिसते आणि दांडा गायब! तो समीकरणात आहे, चित्रात नाही. वेगळा काढून जोडावा लागतो.

११. ६५ टोकांची परीक्षा

दोन शंकू टोकाला टोक लावून ठेवल्यासारखे बिंदू काही पृष्ठभागांवर असतात. एर्न्स्ट कुमर यांच्या चौथ्या घाताच्या पृष्ठभागावर असे १६ बिंदू असतात. व्होल्फ बार्थ यांनी १९९६ मध्ये सहाव्या घाताचा, ६५ टोकांचा पृष्ठभाग दिला. पुढच्याच वर्षी जाफी आणि रूबरमन यांनी सिद्ध केलं, की सहाव्या घातात ६५ च्या वर जाताच येत नाही. सातव्या घातात ऑलिव्हर लाब्स यांनी ९९ टोकं गाठली. तिथली वरची मर्यादा १०४ आहे आणि खरा कमाल आकडा अजून ठरलेला नाही.

सॉफ्टवेअरसाठी हे पृष्ठभाग म्हणजे कसोटीच. जाळी जाड असेल तर नाजूक टोकं तुटून तुकडे सुटे दिसतात, किंवा टोकाच्या जागी जाड मान तयार होते. नव्या प्रोग्रामची पारख करायची असेल तर त्याला बार्थचा पृष्ठभाग काढायला लावा आणि टोकं मोजा.

१२. कॉम्प्युटर नव्हता तेव्हा प्लास्टर होतं

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत असे पृष्ठभाग प्लास्टरमध्ये घडवले जात. फेलिक्स क्लाइन आणि अलेक्झांडर फॉन ब्रिल यांनी विद्यार्थ्यांकडून मॉडेल करून घेतली आणि लुडविग ब्रिल यांच्या कंपनीने ती विकली. क्लेब्श यांचा १८७१ चा तिसऱ्या घाताचा पृष्ठभाग त्यात विशेष गाजला, कारण त्यावर २७ सरळ रेषा पूर्णपणे बसतात आणि सगळ्या डोळ्यांना दिसतात. १८९३ मध्ये क्लाइन अशी मॉडेल शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात घेऊन गेले होते. ग्योटिंगेन विद्यापीठाचा संग्रह आजही पाहता येतो.

१३. फुलपाखराच्या पंखातलं समीकरण

साइन क्ष गुणिले कोसाइन य, अधिक साइन य गुणिले कोसाइन झ, अधिक साइन झ गुणिले कोसाइन क्ष, बरोबर शून्य. चित्र काढा: कुठेही सरळ रेषा नसलेला, तिन्ही दिशांना अखंड पसरणारा चक्रव्यूह! हा ‘जायरॉइड’. नासात काम करणाऱ्या अ‍ॅलन शोन यांनी १९७० मध्ये तो मांडला. पूर्व हिमालयातल्या ‘कैसर-ए-हिंद’ या फुलपाखराच्या पंखांवरच्या खवल्यांत याच रचनेचे सूक्ष्म स्फटिक आहेत आणि त्यांच्यामुळे हिरवा रंग चमकतो. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये वस्तू आतून हलकी पण मजबूत ठेवायलाही जायरॉइडची भरण वापरतात.

बारकावा हा, की वर दिलेलं सूत्र खऱ्या जायरॉइडच्या अगदी जवळ जातं, पण तंतोतंत तोच पृष्ठभाग देत नाही. इथे चित्र कितीही अचूक काढलं तरी सूत्रच अंदाजाचं आहे. अचूकता दोन ठिकाणी तपासावी लागते, सूत्रात आणि चित्रात.

१४. गुळगुळीतपणाचं श्रेय प्रकाशाला

त्रिकोण जाडेभरडे असूनही पृष्ठभाग मऊ का दिसतो? आंरी गूरो यांनी १९७१ मध्ये आणि बुई तुओंग फाँग यांनी १९७५ मध्ये दिलेल्या छायांकनाच्या रीतींमुळे. त्या त्रिकोणाच्या आतला उजेड हळूहळू बदलत नेतात आणि कडा डोळ्यांना जाणवेनाशा होतात. खरं रूप कळतं ते बाह्यरेषेत. मेदूवड्याच्या आकाराचा टोरस काढा आणि त्याची कड झूम करून बघा. तिथे सरळ तुकडे दिसले, तर जाळी अजून जाड आहे.

१५. सोळा आकड्यांच्या पलीकडे खडबडाट

कॉम्प्युटरच्या नेहमीच्या दशांश संख्येत अचूकतेसाठी ५३ बिट असतात, म्हणजे साधारण १६ अंक. (क्ष − १) चा सातवा घात विस्तारून लिहा आणि १ च्या अगदी जवळचा आलेख काढा. गुळगुळीत रेषेऐवजी करवतीसारखे दाते दिसतात, कारण मोठमोठ्या पदांची वजाबाकी होताना खरे अंक उडून जातात आणि उरतो तो राउंडिंगचा कचरा. विस्तार न करता तेच सूत्र कंसासह लिहिलं, की रेषा पुन्हा स्वच्छ. पृष्ठभागांच्या टोकांजवळ अशाच कारणाने ठिपक्यांची धूळ उडते. सूत्र देताना कंस सोडवण्याची घाई करू नका.

जेफ टपर यांचं २००१ चं सूत्र हे याचं टोकाचं उदाहरण. त्याचा आलेख १०६ बाय १७ चौकटींत काढला, की त्यात तेच सूत्र लिहिलेलं दिसतं! पण आलेख काढायची उंची सांगणारी संख्या पाचशेहून जास्त अंकांची आहे. सोळा अंकांच्या हिशेबात ती मावणं अशक्य. तिथे पूर्णांकांचं अचूक गणितच हवं.

१६. पुराव्यासह चित्र, आणि त्यालाही मर्यादा

एकेका बिंदूऐवजी संपूर्ण घनाची किंमत काढता आली तर? रेमन मूर यांच्या १९६६ च्या पुस्तकाने रुजवलेलं अंतरालांचं गणित हेच करतं. संपूर्ण घनात सूत्राची किंमत २ ते ७ च्या दरम्यान आहे असं निघालं, तर तिथे शून्य नाही हे सिद्धच झालं. तो घन निर्धास्तपणे टाकून द्यायचा. टपर यांनी याच गणितावर भरवशाचे आलेख उभे केले. प्लांटिंगा आणि फेख्टर यांनी २००४ मध्ये गुळगुळीत पृष्ठभागांसाठी अशी पद्धत दिली, की चित्रातले तुकडे आणि भोकं खऱ्या पृष्ठभागाइतकीच असतील याची हमी मिळते. पायथनच्या सिमपाय संचातही प्रतलातले अव्यक्त आलेख काढायला अंतरालांचं गणित वापरतात.

मग प्रत्येक सूत्राचं हमखास खरं चित्र काढणारा प्रोग्राम कधी तरी येईल का? गणिताचं उत्तर आहे, नाही. डॅनियल रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये सिद्ध केलं, की साइन, घातांकी फलन आणि निरपेक्ष मूल्य मिसळलेलं सूत्र सगळीकडे शून्य आहे का, हे दर वेळी ठरवून देणारी सर्वसाधारण कृती असूच शकत नाही. नुसत्या बहुपदींसाठी मात्र अशी कृती आहे, हे आल्फ्रेड टार्स्की यांनी दाखवलं. बार्थच्या ६५ टोकांना न्याय मिळू शकतो तो त्यामुळेच.

पवईपर्यंत पोचलेला धागा

मार्चिंग क्यूब्सचे लोरेन्सन पुढे व्हीटीके या मुक्त संचाच्या तीन निर्मात्यांपैकी एक झाले. त्याच व्हीटीकेवर ‘मायावी’ हे पायथनचं त्रिमितीय चित्रांचं साधन उभं आहे. ते घडवणारे प्रभू रामचंद्रन पवईच्या आयआयटी मुंबईत एरोस्पेस विभागात प्राध्यापक आहेत. मायावीत कंटूर३डी ही एक आज्ञा दिली, की सूत्राचा पृष्ठभाग समोर येतो आणि माउसने फिरवताही येतो. पैसे मोजायला नकोत. मॅटलॅबसारखं ऑक्टेव्हही फुकट आहे आणि त्यात आयसोसरफेस ही आज्ञा तयार आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात अशा मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात. गावातल्या कॉलेजात साधा लॅपटॉप असला तरी कुमरचे १६ बिंदू बघता येतात.

चित्र मिळालं? या चार चाचण्या घ्या

पहिली: जाळी दुप्पट बारीक करून पुन्हा काढा. तुकडे किंवा भोकं कमी-जास्त झाली, तर पहिलं चित्र चुकीचं होतं.

दुसरी: जाळी अर्ध्या घराने सरकवा. काही नवं उगवलं किंवा हरवलं, तर बारीक भाग निसटत आहेत.

तिसरी: चित्रातले त्रिकोणांचे कोपरे मूळ सूत्रात घालून किमती बघा. किमतीला तिथल्या उताराने भागलं, की तो कोपरा खऱ्या पृष्ठभागापासून अंदाजे किती दूर आहे ते कळतं.

चौथी: उत्तर माहीत असलेली गोष्ट मोजा. १ त्रिज्येच्या गोलाचं क्षेत्रफळ १२.५६६ यायला हवं. तुमच्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळांची बेरीज किती येते?

चारही चाचण्यांना मिळून दोन-चार मिनिटं लागतात. शिक्षकांनी त्या वर्गात मुलांकडून करून घ्याव्यात, संशोधकांनी प्रबंधात चित्र डकवण्याआधी कराव्यात. दीडशे वर्षांपूर्वी एक पृष्ठभाग पाहायला प्लास्टर आणि कुशल हात लागायचे. आज एक ओळ पुरते, म्हणून ती ओळ तपासून घेण्याची जबाबदारी आपली. चित्र खरं आहे याची खात्री पटली, की त्या वळणांकडे बघण्याचा आनंद दुणावतो.